संमोहन, ताण आणि मनाची उभारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संमोहनाबद्दल मला येणारे निम्मे प्रश्न भीतीपोटी आलेले असतात आणि उरलेले भाबड्या आशेपोटी. समुपदेशनाच्या कामात मी संमोहन वापरते, त्यामुळे दोन्हींची उत्तरं रोज द्यावी लागतात. ती एकदाची इथे लिहून काढली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. संमोहन म्हणजे एक प्रकारची झोपच ना?

नाही. हा घोळ नावाने घातला. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला, तो झोपेच्या ग्रीक शब्दावरून. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की ही झोप नाही, मन एकाच कल्पनेवर एकवटणं आहे. म्हणून त्यांनी 'मोनोआयडिइझम' असं दुसरं नाव सुचवूनही पाहिलं, पण तोवर पहिलं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. आपल्या 'संमोहन' या शब्दात तर मोहही आहे आणि मोहिनीही, त्यामुळे आपल्याकडे झोपेच्या जोडीला वशीकरणाची शंकाही येते.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संमोहन विभागाने २०१४ मध्ये केलेल्या व्याख्येचा सारांश असा: लक्ष एकवटलेलं, आजूबाजूची जाणीव मंदावलेली आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली अशी जाणिवेची अवस्था. पुस्तकात डोकं घातलेल्या माणसाला तीन हाका मारल्या तरी तो 'ओ' देत नाही. तो झोपलेलाही नसतो आणि बहिराही नसतो. ती अवस्था ओळखीची असेल तर संमोहनही फार अनोळखी वाटणार नाही.

२. माझं भान गेलं आणि मनातलं सगळं बोलून बसले तर?

भान जात नाही. बहुतेकांना सगळं ऐकू येत असतं आणि नंतर आठवतही असतं. पहिल्या बैठकीनंतर मला हमखास ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे, "मला तर सगळं कळत होतं, म्हणजे माझ्यावर काही झालंच नाही वाटतं." झालेलं असतं, फक्त सिनेमात दाखवतात तसं नसतं.

संमोहनात माणूस गुपित राखू शकतो, खोटंही बोलू शकतो. नको वाटलं तर डोळे उघडून उठून बसू शकतो. "जागच आली नाही तर?" असंही विचारतात. समजा संमोहन करणारा अर्ध्यातच खोलीबाहेर निघून गेला, तरी समोरचा माणूस थोड्या वेळाने आपणहून भानावर येतो, नाहीतर साधी डुलकी काढून उठतो. मात्र या अवस्थेत सूचना अधिक सहज झिरपते हे खरं आहे. म्हणून कुणासमोर डोळे मिटायचे याची निवड महत्त्वाची (प्रश्न १६).

३. मग स्टेजवर लोक वेडेवाकडे चाळे करतात ते कसं?

निवडीमुळे. कार्यक्रम करणारा सुरुवातीला सगळ्या प्रेक्षकांवर छोट्या चाचण्या करतो आणि झटकन प्रतिसाद देणाऱ्यांनाच वर ठेवतो. त्यात शेकडो डोळे लागलेले असतात आणि आपण गंमत करायला आलोय हे स्टेजवरच्यालाही ठाऊक असतं. त्याचा उपचाराशी काही संबंध नाही.

४. ताणावर हे काम कसं करतं?

आधी काळजी कशी काम करते ते पाहू. रात्री अकरा वाजता तुम्ही अंथरुणावर आहात. खोलीत धोका कसलाच नाही. पण उद्याच्या बैठकीचं चित्र डोळ्यांपुढे येतं, त्यातला एक चेहरा मोठा होत जातो, "आता काही खरं नाही" हे वाक्य मनात फिरायला लागतं. पाच मिनिटांत छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो. लक्ष एकाच चित्रावर, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, आणि शरीर ते सगळं खरं मानून वागतंय. काळजी करणारा माणूस संमोहनाचंच तंत्र वापरत असतो, फक्त उलट्या दिशेने, आणि त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही इतका तो तरबेज असतो.

संमोहनात तीच यंत्रणा जाणूनबुजून वापरतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सुरुवात लांब उच्छ्वासाने होते. मग लक्ष एका जागी आणायचं, चित्र बदलायचं, वाक्य बदलायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मेंदूच्या प्रतिमांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५४५ जणांची चाचणी घेऊन त्यांतले ५७ जण निवडले होते. संमोहनाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये, कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवण्यात सहभागी असलेल्या एका भागाची सक्रियता संमोहनात कमी झालेली दिसली. नियोजन करणारा भाग आणि शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा भाग यांच्यातलं दळणवळण मात्र वाढलेलं दिसलं.

यातून ताण नाहीसा होतो असं मी कुणालाच सांगत नाही. ताण आल्यावर सावरायला जो वेळ लागतो, तो कमी करण्याची ही तालीम आहे. पूर्वी एका बोलण्याने दोन दिवस वाया जायचे, आता दोन तास जातात, एवढा फरक पडला तरी मी समाधानी असते.

५. याला पुरावा आहे की नुसता विश्वासाचा खेळ?

पुरावा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. चिंतेच्या बाबतीत तो बऱ्यापैकी भक्कम आहे. २०१९ मध्ये नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार संपताना संमोहन घेतलेल्या सरासरी माणसाची चिंता, ते न घेतलेल्या गटातल्या सुमारे ७९ टक्के लोकांपेक्षा जास्त कमी झालेली होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एकट्या संमोहनापेक्षा दुसऱ्या मानसोपचाराच्या जोडीने दिलेलं संमोहन अधिक परिणामकारक ठरतं. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत कामाची गोष्ट हीच.

रोजच्या ताणाबद्दल चित्र धूसर आहे. २०१७ च्या एका आढाव्यात नऊ प्रयोग तपासले होते. त्यांपैकी सहांमध्ये फायदा दिसला, पण बहुतेक प्रयोगांची आखणीच कच्ची होती, त्यामुळे आढावा घेणाऱ्यांनी ठाम निष्कर्ष काढला नाही. म्हणून "शंभर टक्के सिद्ध" म्हणणारा आणि "सगळी थोतांडं" म्हणणारा, दोघांनीही ते प्रयोग वाचलेले नसावेत असं मी धरून चालते.

६. मी रोज ध्यान करतो. मग हे वेगळं काय?

दारं वेगळी, ओसरी एकच. ध्यानात बहुधा मनात येईल ते येऊ द्यायचं आणि नुसतं पाहायचं असतं. संमोहनात ठरवून काहीतरी पेरायचं असतं: एक चित्र, एक सूचना, एक विशिष्ट प्रसंग. योगनिद्रेत संकल्प असतो, त्यामुळे ती संमोहनाच्या बरीच जवळ जाते. ध्यानाने तुमचं भागत असेल तर ते मोडून इकडे येण्याची गरज नाही. एखादा ठरावीक प्रसंगच पुन्हा पुन्हा जाळत असेल तर संमोहनाचा नेम जास्त बरोबर लागतो.

७. माझ्यावर संमोहन होतच नाही. माझं मन फार खंबीर आहे म्हणून असेल का?

खंबीरपणाचा संबंध नाही, आणि भोळेपणाचाही नाही. प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक कमीजास्त असते. ती मोजण्यासाठी वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्डच्या मोजपट्ट्या तयार केल्या. ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के लोक फार चांगला प्रतिसाद देतात, जवळपास तेवढेच फारच कमी देतात आणि बाकीचे मधे असतात. ही क्षमता वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही. काही जणांची २५ वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही त्यांचे गुण पुष्कळसे पूर्वीसारखेच निघाले.

ताणासाठी मधल्या गटातलं असणं पुरेसं आहे. अगदी तळाच्या गटात असाल तर श्वसन, स्नायू शिथिल करण्याचे व्यायाम किंवा विचारांवर काम करणारा उपचार अधिक पदरात टाकेल. त्यात कमीपणा कसला?

८. पहिल्या बैठकीत नेमकं काय होतं? आणि अशा किती बैठका लागतात?

पहिल्या बैठकीचा मोठा भाग गप्पांचा असतो. झोप कशी आहे, औषधं कोणती चालू आहेत, पूर्वी काय झालं होतं, इथून काय हवं आहे. प्रत्यक्ष संमोहन वीसेक मिनिटांचं. नजर एका ठिपक्यावर, पापण्या जड होणं, मग 'खोल' नेण्यासाठी एखादी कल्पना, बहुधा पायऱ्या मोजत उतरण्याची. ही कल्पना मी आधी विचारून घेते. एकदा न विचारता पायऱ्या उतरवल्या आणि समोरच्या बाईंचा श्वास एकदम अडकला. लहानपणी त्या जिन्यावरून पडल्या होत्या. तेव्हापासून मी आधी विचारते, मगच उतरवते.

कधी कधी "हात हलका होतोय" अशी सूचना देतात. बोटं थरथरतात, मग मनगट कणाकणाने, झटके घेत वर येतं. माणूस स्वतःच्या हाताकडे परक्याचा असल्यासारखा बघतो. यात चमत्कार काही नाही. नुसत्या कल्पनेने शरीर हलतं हे त्याला स्वतःला कळावं, एवढाच हेतू असतो.

बैठकांचा ठरलेला आकडा नाही. चार-पाच बैठकांनंतरही तसूभर फरक नसेल तर मी स्वतःच थांबून दुसऱ्या उपायाचं बोलते.

९. घरच्या घरी, माझं मी करता येईल का?

साध्या ताणासाठी येईल. खुर्चीत पाठीला आधार देऊन बसा. झोपून केलंत तर झोप लागेल आणि सराव राहून जाईल. फोन गप्प करा. समोर, नजरेच्या किंचित वर एक बिंदू निवडा आणि पापण्या थकेपर्यंत त्याच्याकडे बघा. डोळे मिटल्यावर पाच-सहा श्वास, सोडताना घेण्यापेक्षा लांब. मग दहापासून उलटं मोजा. प्रत्येक आकड्याला शरीराचा एक भाग सैल सोडायचा, कपाळापासून सुरुवात. जबड्यापाशी थांबा. आपण दात आवळून बसलोय हे तिथे पोहोचल्यावरच बहुतेकांना कळतं.

एकावर आलात की आधी लिहून ठेवलेली एकच सूचना (ती कशी लिहायची ते प्रश्न १० मध्ये) मनात सावकाश चार-पाचदा म्हणा आणि ती ज्या प्रसंगी हवी आहे तो प्रसंग पाहा. शेवटी एक ते पाच मोजत बाहेर या, हातपाय ताणा. बाहेर येणं घाईत उरकू नका, नाहीतर तासभर डोकं जड राहतं. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज एवढंसं बरं.

१०. सूचना कशी लिहायची? "मी शांत आहे, मी आनंदी आहे" चालेल का?

चालेल, पण पुरणार नाही. आणि डोकं आतून "कुठे आहेस?" असं विचारेल.

माझीच फजिती सांगते. सुरुवातीला मी स्वतःसाठी सूचना लिहिली होती: "मला अजिबात राग येणार नाही." आठवडाभर रोज म्हटली. त्या आठवड्यात मी नेहमीपेक्षा जास्त चिडले, कारण दिवसभर राग आला का, आला का, हेच चाचपत होते. शिवाय राग आला की सूचना फसली याची हळहळ वेगळी. मग वाक्य बदललं: "समोरच्याचा आवाज चढला की मला माझे तळपाय जमिनीला टेकलेले जाणवतात." यात रागाचं नावच नाही. पण आवाज चढला की लक्ष पायांकडे जाऊ लागलं, आणि तेवढ्या दोन सेकंदांत तोंडातलं वाक्य बदलायची सवड मिळू लागली.

तेव्हा 'नाही' टाळा. 'नेहमी', 'कधीच' टाळा. "अमुक झालं की मी तमुक करते" असा सांधा जोडा आणि तो शरीराला करता येण्याजोगा ठेवा. वाक्य तुमच्या रोजच्या बोलीतलं हवं. पुस्तकी भाषेतल्या सूचनेला आपलंच मन पाहुण्यासारखं वागवतं: बसा म्हणतं, पण आत घेत नाही.

११. 'भावनिक उभारी' म्हणजे काय? ती अशी बसल्या जागी वाढते का?

उभारी म्हणजे न रडणं किंवा दगड होणं नव्हे. वाकून पुन्हा उभं राहता येणं, ही उभारी. ती संमोहनातून वाढवायची तर चित्रातून संकट वगळायचं नाही, संकटासकट चित्र पाहायचं. लोक बहुधा उलट करतात. समुद्रकिनारा, गार वारा वगैरे पाहून बाहेर येतात, बरं वाटतं, आणि पहिल्याच कटकटीला किनारा विरून जातो. तो विसावा झाला, तालीम नाही.

एक उदाहरण. वरिष्ठांचा निरोप येतो, "जरा भेटून जा." एवढ्यानेच पोटात खड्डा पडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. संमोहनात आम्ही तोच क्षण घेतो. फोनचा पडदा उजळतो. नाव दिसतं. पोट आवळतं, आणि ते आवळू द्यायचं, थांबवायचं नाही. अंगठा घाईघाईने उत्तर लिहायला सरसावतो, तो तिथेच थांबतो. एक लांब उच्छ्वास. निरोप दुसऱ्यांदा वाचायचा, आणि या वेळी त्यात फक्त तीन शब्द आहेत हे दिसतं. उत्तर लिहायचं: "येते, दहा मिनिटांत." फोन पालथा ठेवायचा, उठायचं. हा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग एका बैठकीत पाच-सहा वेळा, सावकाश. मग प्रसंग थोडा अवघड करायचा: निरोपात राग आहे, किंवा भेटीत चूक खरोखर तुमचीच निघते.

याला जोड म्हणून पूर्वी निभावलेला एखादा कठीण काळही आठवायचा. शेवट गोड असलेलाच हवा असं नाही, तुम्ही त्यातून बाहेर पडलात हे पुरेसं. त्या वेळी हातांनी काय केलं, कुणाला फोन लावला, पहिली शांत झोप कधी लागली, असे तपशील. आपल्याला यापूर्वी सावरता आलेलं आहे ही बाब ताणात माणूस सर्वांत आधी विसरतो.

१२. डोळे मिटून शांत व्हायला गेलं की माझी धडधड उलट वाढते. मी काही चुकतोय का?

नाही. काहींच्या बाबतीत असं होतं, विशेषतः सतत सावध राहायची सवय लागलेल्यांच्या. सैल होणं म्हणजे पहारा सोडणं, असं त्यांचं शरीर मानतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, किंवा हालचालीतून करा. बान्याई आणि हिलगार्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की जागच्या जागी चालवायच्या सायकलवर पेडल मारणाऱ्या माणसांनाही चपळाईच्या सूचना देऊन संमोहित करता येतं. तेव्हा संमोहनाला शिथिलता लागतेच असं नाही. संथ चालताना पावलांवर लक्ष ठेवून सूचना म्हणता येते. तरीही धडधड वाढतच राहिली तर एकट्याने करणं थांबवा आणि प्रश्न १३ वाचा.

१३. कुणी संमोहन टाळावं?

भास-भ्रम होणारे आजार किंवा उन्मादाचा झटका असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. थांबू नका, आजच गाठा. अपस्मार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोठा आघात किंवा अत्याचार सोसलेला असेल तर केवळ त्या कामात तयार झालेल्या उपचारकाकडेच, स्वसंमोहन नको.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. धडधड, घाम, वजन घटणं, हात थरथरणं हे सगळं थायरॉइडच्या अतिरेकानेही होतं. छातीत दुखत असेल तर ते 'ताणाचं' आहे असं आपणच ठरवू नये. आधी तपासणी करावी.

चालू औषधं संमोहनासाठी बंद करायची नाहीत. बंद करा सांगणाऱ्याकडे पुन्हा जायचंही नाही.

१४. बैठकीत अचानक रडू आलं. काही बिघडलं का?

बहुधा नाही. आवळून धरलेलं सैल झालं की पाणी येतं. दोन-तीन दिवसांनीही मन तसंच सैरभैर असेल, किंवा नको त्या आठवणी घुसत असतील, तर ज्यांच्याकडे गेलात त्यांना लगेच कळवा.

१५. ताणाचं मूळ बालपणात किंवा मागच्या जन्मात असेल. संमोहनाने ते शोधता येईल?

इथे मी हट्टाने नाही म्हणते. संमोहनात आठवणी अधिक ठसठशीत होतात आणि माणूस त्या अधिक खात्रीने सांगतो, पण त्या अधिक खऱ्या असतात असं नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १९८५ च्या अहवालाचा सूर हाच होता: संमोहनातून ताज्या केलेल्या आठवणी एरवीच्या आठवणींपेक्षा विश्वासार्ह ठरत नाहीत. चुकीच्या पद्धतीने विचारलं तर न घडलेला प्रसंगही 'आठवतो' आणि त्यावरून घरं मोडू शकतात. मागच्या जन्मांबद्दल सांगायचं तर, त्या बैठकांमधून दिसते ती माणसाची कल्पनाशक्ती. ताण कमी करायला त्याचं मूळ सापडावंच लागतं, हा समजही सोडून दिलेला बरा.

१६. चांगला संमोहनतज्ज्ञ कसा ओळखायचा?

आधी पाहा की संमोहनाशिवाय त्या माणसाला तुमचा त्रास हाताळता येईल का. मानसशास्त्रातलं किंवा वैद्यकातलं शिक्षण पहिलं, संमोहनाचं प्रशिक्षण त्यानंतर. नुसत्या दोन दिवसांच्या शिबिरातून बाहेर पडलेल्या 'मास्टर'ला संमोहन जमेलही, पण मधेच काही उसळलं तर सांभाळता येणार नाही.

तुमच्याआधी तोच जास्त बोलतोय, एका बैठकीत कायमचा ताणमुक्त करण्याची हमी देतोय, न विचारता स्पर्श करतोय, सोबत आणलेल्या माणसाला बाहेर बसायलाही मनाई करतोय, यांतलं एक जरी दिसलं तरी उठून या.

१७. संमोहनाचं रेकॉर्डिंग गाडी चालवताना ऐकलं तर चालेल?

नाही. स्वयंपाक करताना किंवा यंत्रावर काम करतानाही नाही.

१८. माझा ताण खराच आहे: कर्ज, घरातली मारहाण, जाच करणारा वरिष्ठ. मी संमोहन घेऊन काय करू?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात संमोहनाची हद्द आहे. मारहाण होत असेल तर सहनशक्ती वाढवणारी कोणतीही सूचना मी देणार नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, मदत करणारी माणसं, कायदा. कर्जाला हिशेब आणि बोलणी लागतात. जाचाची तक्रार करावी लागते.

मग संमोहनाचं काम कुठे? तो फोन लावण्यापूर्वीच्या रात्री झोप लागावी म्हणून. तक्रार करताना आवाज कापू नये म्हणून. अशा वेळी आम्ही प्रश्न ११ मधली तालीम त्या एका संभाषणापुरती करतो. सोसायची सवय लावण्यासाठी ती वापरायची नाही.

१९. आधी छान फायदा झाला, आता काहीच होत नाही. असं का?

बहुधा सूचना शिळी झालेली असते. ज्या प्रसंगासाठी लिहिली तो मागे पडला, पण वाक्य तेच चालू राहिलं. किंवा सराव फक्त ताण शिगेला पोहोचल्यावरच होऊ लागला. बुडताना पोहणं शिकता येत नाही, म्हणून बरं असतानाही आठवड्यातून चार दिवस तरी बसा. सूचना दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वाचा आणि मोठ्याने म्हणून बघा. जिथे जीभ अडखळते, तो शब्द बदला.